एका चित्रपटाच्या अनेक प्रती

आल्फ्रेड हिचकॉकचा ‘व्हर्टिगो’ सुरू होतो तो शिडीच्या लोखंडी गजावर पडलेल्या हाताने. सॅन फ्रान्सिस्कोच्या छपरांवरून एक चोर पळतो आहे, त्याच्यामागे गणवेशातला पोलीस आहे आणि त्याच्याही मागे साध्या कपड्यांतला डिटेक्टिव्ह स्कॉटी फर्ग्युसन, म्हणजे जेम्स स्ट्युअर्ट. पोलीस गोळ्या झाडतो. माझ्या कपाटातल्या दोन डिस्क एकीपाठोपाठ एक लावून हे दृश्य पाहिले, तर पडद्यावर जवळजवळ तेच दिसते. गोळ्या मात्र वेगळ्या ऐकू येतात. एकीत त्या संगीतात मिसळून गेलेल्या, काहीशा बोथट, त्या काळच्या चित्रपटांत असायच्या तशा आहेत. दुसरीत त्या टणक, स्वच्छ आणि अगदी कानाजवळ वाजतात. या दुसऱ्या गोळ्या १९५८ साली झाडलेल्याच नाहीत. चित्रपट प्रदर्शित झाल्यानंतर जवळपास चार दशकांनी, हिचकॉक जाऊन दीड दशक उलटल्यावर, एका ध्वनिमुद्रण कक्षात त्या नव्याने तयार करण्यात आल्या.

एकच चित्रपट कॅसेट, डीव्हीडी, ब्लू-रे आणि ४के अशा निरनिराळ्या रूपांत घरात का बाळगायचा, हा प्रश्न मला घरातून आणि घराबाहेरून नेहमी विचारला जातो. त्याचे प्रामाणिक उत्तर असे, की माझ्याकडे एकच चित्रपट नाही. रंग, लांबी, संगीताची पट्टी, पावलांचे आवाज अशा गोष्टींत एकमेकांशी न जुळणारे अनेक चित्रपट माझ्याकडे आहेत आणि त्या सर्वांचे नाव ‘व्हर्टिगो’ आहे. असे प्रतिसंग्रह करणारे लोक एक खोड मात्र हमखास जोपासतात: ते थांबवलेल्या चौकटींची तुलना करतात. डावीकडे जुनी डिस्क, उजवीकडे नवी, मध्ये एक रेघ. आवाज असा थांबवून शेजारी शेजारी ठेवता येत नाही, म्हणून त्याची तुलना फारशी कोणी करत नाही. आणि ‘व्हर्टिगो’त सर्वांत मोठी उलथापालथ झाली ती नेमकी आवाजातच.

(पुढे कथानकातले रहस्य उघड होणार आहे. ज्यांनी चित्रपट पाहिलेला नाही त्यांनी तो आधी पाहावा. कोणती प्रत पाहावी ते शेवटी सांगतो.)

या चित्रपटाच्या घरगुती आवृत्त्यांचा इतिहास एका गैरहजेरीपासून सुरू होतो. हिचकॉकच्या काही चित्रपटांचे हक्क करारानुसार काही वर्षांनी खुद्द त्याच्याकडे आले. ‘व्हर्टिगो’, ‘रिअर विंडो’, ‘द ट्रबल विथ हॅरी’, ‘द मॅन हू न्यू टू मच’ची दुसरी आवृत्ती आणि ‘रोप’ हे पाच चित्रपट १९७०च्या दशकाच्या सुरुवातीपासून चलनातून काढून घेतले गेले. १९८०मध्ये हिचकॉकचे निधन झाले आणि १९८३-८४च्या सुमारास युनिव्हर्सलने ते पुन्हा चित्रपटगृहांत आणले. म्हणजे ज्या दशकात चित्रपटांवर लिहिणाऱ्यांची एक अख्खी पिढी ‘व्हर्टिगो’ला डोक्यावर घेत होती, त्या दशकात तो पाहण्याची अधिकृत सोय जवळपास नव्हतीच. लोक आठवणीवरून लिहीत होते. २०१२ साली ब्रिटनच्या ‘साइट अँड साउंड’ मासिकाच्या समीक्षकांच्या कौलात या चित्रपटाने ‘सिटिझन केन’ला मागे सारून पहिला क्रमांक पटकावला (२०२२मध्ये तो दुसऱ्यावर आला), त्या कीर्तीत या दीर्घ अनुपस्थितीचा वाटा किती, असे कधीकधी मनात येते. पण तो वेगळा विषय झाला.

पुन:प्रदर्शनानंतर व्हीएचएस कॅसेट आल्या आणि आमच्यासारख्यांपर्यंत हा चित्रपट पोहोचला तो त्या कॅसेटच्या नकलेची नक्कल होऊन. व्हिडिओ लायब्ररीच्या त्या कॅसेटच्या कडेला बॉलपेनने ‘हिचकॉक, इंग्लिश, सस्पेन्स’ एवढेच लिहिलेले होते. मूळ कॅसेट अमेरिकेतली, एनटीएससी पद्धतीची. आपल्याकडचे टीव्ही आणि व्हीसीआर पाल पद्धतीचे. मध्ये कुठेतरी कोणीतरी ती रूपांतरित केली असणार आणि त्या रूपांतरात रंगांचे जे व्हायचे ते झाले होते.

व्हीएचएस टेपवर प्रकाशाचा तपशील बऱ्यापैकी टिकतो, रंगाचा मात्र फारच थोडा साठवला जातो. त्यामुळे गडद लाल रंग आपल्या कडा सोडून शेजारी पसरतो. ‘व्हर्टिगो’त याचा सर्वांत मोठा फटका बसतो तो अर्नीज् या रेस्तराँच्या दृश्याला. सॅन फ्रान्सिस्कोतल्या खऱ्या अर्नीज् ची हुबेहूब नक्कल स्टुडिओत उभारून हे दृश्य चित्रित झाले. लालभडक भिंती, पांढरे टेबलक्लॉथ, आणि त्या लालीतून हिरवी शाल पांघरून चालत येणारी मॅडलिन, जिच्यावर पाळत ठेवायला तिच्या नवऱ्याने स्कॉटीला सांगितलेले आहे. किम नोव्हाक स्कॉटीच्या पाठीशी येऊन क्षणभर थांबते, तिचा चेहरा बाजूने दिसतो आणि तिच्या मागच्या भिंतीवरचा उजेड किंचित वाढतो. वास्तवात असे होत नाही. रेस्तराँतला कोणीही उठून दिवा मोठा केलेला नाही. तो उजेड स्कॉटीच्या मनातला आहे आणि पुढचे दोन तास तो माणूस त्याच उजेडामागे फिरत राहणार आहे. कॅसेटवर लाल रंग तिच्या सोनेरी केसांच्या कडेवर पसरलेला असतो आणि भिंतीचा वाढलेला उजेड टेपच्या चढउतारात हरवून जातो. डीव्हीडीवर कडा सावरतात. ब्लू-रेवर भिंतीवरची नक्षी उमटते. ४के डिस्कवर तो उजेड कुठल्या क्षणी चढू लागतो आणि ती पुढे सरकल्यावर कुठे उतरतो, हे डोळ्यांनी नीट मोजता येते. प्रतींमधल्या फरकाने चित्रपटाचा अर्थ बदलतो का, असे जे विचारतात त्यांना मी हीच काही सेकंदे दाखवतो.

आता १९९६च्या त्या प्रसिद्ध दुरुस्तीकडे येतो. रॉबर्ट हॅरिस आणि जेम्स कॅट्झ या दोघांनी दहा लाख डॉलरहून अधिक खर्चून हे रिस्टोरेशन केले. त्यांच्यापुढची अडचण समजण्यासाठी चित्रपट कशावर चित्रित झाला हे थोडे पाहायला हवे. पॅरामाउंटच्या व्हिस्टाव्हिजन पद्धतीत नेहमीचीच ३५ मिलिमीटरची फिल्म कॅमेऱ्यातून उभी न जाता आडवी जात असे आणि एका चौकटीसाठी चारऐवजी आठ छिद्रांची लांबी वापरली जात असे. त्यामुळे निगेटिव्हचे क्षेत्रफळ दुपटीहून मोठे आणि चित्र अत्यंत तपशीलवार मिळे. चित्रपटगृहांत जाणाऱ्या प्रती मात्र बहुतेककरून त्यावरून लहान करून काढलेल्या नेहमीच्या ३५ मिलिमीटरच्या असत. १९५८च्या त्या प्रती टेक्निकलरच्या रंग-छपाईने काढलेल्या होत्या आणि तिचे रंग टिकाऊ. पण मूळ ईस्टमनकलर निगेटिव्हचे रंग उडत गेले. अशा वेळी आधार असतो तो रंग वेगळे करून तीन कृष्णधवल फिल्मवर ठेवलेल्या प्रतींचा. ‘व्हर्टिगो’च्या बाबतीत या तीन फिल्म मुळातच नीट बनलेल्या नव्हत्या आणि वर्षानुवर्षांत त्या वेगवेगळ्या प्रमाणात आकसल्या होत्या, त्यामुळे बऱ्याच ठिकाणी त्या एकमेकींवर बसेनात. मग जिथून जे मिळेल ते घेऊन संगणकाच्या मदतीने रंग पुन्हा उभे करावे लागले. काही तुकडे मूळ निगेटिव्हपासून आठ पिढ्या दूरच्या प्रतींवरून घ्यावे लागले.

त्यात ज्यूडीच्या खोलीचा संपूर्ण प्रसंग होता. ज्यांना चित्रपट आठवतो त्यांना यातली गंमत लगेच कळेल. मॅडलिन मेली असे समजून उद्ध्वस्त झालेल्या स्कॉटीला तिच्यासारखी दिसणारी ज्यूडी ही मुलगी भेटते आणि तो तिला कपडे, बूट, केसांचा रंग, अंबाडा असे एकेक बदलायला लावून हुबेहूब मॅडलिन बनवतो. एम्पायर हॉटेलच्या त्या खोलीत, खिडकीबाहेरच्या हिरव्या निऑनच्या उजेडात, ती न्हाणीघरातून बाहेर येते आणि ‘प्रत’ पूर्ण होते. आणि नकलेचा हा प्रसंगच पडद्यावर आला तो नकलेच्या नकलेवरून, मूळ निगेटिव्हपासून सर्वांत लांब पडून! कथेतही मूळ असे काही नाहीच. मॅडलिन हे ज्यूडीने पैसे घेऊन वठवलेले सोंग होते. या चित्रपटावर लिहिणारा प्रत्येक जण संग्राहकाला स्कॉटीच्या जागी बसवतो आणि त्यात तथ्यही आहे, पण मला ती उपमा आता शिळी वाटते. स्कॉटीला निदान आठवण तरी होती. माझ्यापाशी १९५८च्या प्रतीची कुठलीही आठवण नाही. माझी पहिली मॅडलिन त्या लाल पसरलेल्या कॅसेटवरची आहे आणि नव्या प्रती मी नकळत तिच्याशी ताडून पाहत असतो.

हॅरिस आणि कॅट्झ यांनी रंगांसाठी मात्र खरोखरचे पुरावे शोधले. खऱ्या जागा, मोटारी, कपडे, कातडीचे रंग यांचा त्यांनी अभ्यास केला. चित्रपटातल्या एका मोटारीच्या हिरव्या रंगाचा उत्तम जपलेला नमुना फोर्ड कंपनीकडून त्यांच्या हाती लागला, तेव्हा त्यांना एक पक्का आधार मिळाला. हिरवा या चित्रपटाचा प्राणच आहे: मॅडलिनची शाल, तिची जग्वार गाडी, ज्यूडी पहिल्यांदा दिसते तेव्हाचा तिचा पोशाख, हॉटेलचे निऑन. एक हिरवा खात्रीने सापडला की त्यावरून बाकीच्यांकडे सरकता येते. तरीही त्यांच्यावर टीका झालीच. दिग्दर्शकाच्या आणि छायालेखक रॉबर्ट बर्क्स यांच्या मनात जे रंग होते ते हे नव्हेत, असे काहींचे म्हणणे पडले. मला स्वतःला या बाबतीत त्या दोघांची बाजू पटते. रंग उडालेल्या निगेटिव्हवरून काम करणाऱ्याला निर्णय घ्यावाच लागतो आणि त्यांनी तो पुरावा शोधून घेतला.

आवाजाचे तसे नाही. १९९६ची प्रत ७० मिलिमीटरवर आणि सहा मार्गी डीटीएस ध्वनीसह दाखवायची होती. मूळ चित्रपटाचा ध्वनी मोनो, म्हणजे संवाद, संगीत आणि बाकीचे सारे आवाज एका पट्टीत मिसळलेले. बर्नार्ड हरमनच्या संगीताची मूळ ध्वनिमुद्रणे सुदैवाने पॅरामाउंटच्या संग्रहात जपलेली होती. त्या संगीताचीही कथा आहे: अमेरिकेत वादकांचा संप चालू असल्याने ते लंडनमध्ये म्युर मॅथिसनच्या संचालनाखाली मुद्रित होऊ लागले आणि तिथल्या वादकांनीही सहानुभूती म्हणून काम थांबवल्यावर उरलेले व्हिएन्नात करावे लागले. त्यामुळे लंडनचा भाग स्टिरिओत आणि व्हिएन्नाचा मोनोत आहे. अशी मूळ साधने हाती असल्यावर संगीत खुलले नसते तरच नवल. पण पावले, दारे, गोळ्या, गाड्या यांचे वेगळे काढलेले आवाज सहा मार्गांत पसरण्याजोगे उपलब्ध नव्हते. म्हणून ते फॉली पद्धतीने, म्हणजे पडद्याकडे पाहत पाहत, नव्याने तयार केले गेले. हिचकॉकने १९५८ साली ध्वनीबाबत लिहून ठेवलेल्या सूचना समोर ठेवून हे काम झाले, हे त्यांच्या बाजूने सांगायलाच हवे. तरी जुन्या पट्टीतले काही दोष झाकण्यासाठी सायप्रस पॉइंटच्या समुद्रकाठच्या प्रसंगात जास्तीचे सीगल ओरडू लागले आणि धुक्याचा भोंगा वाजू लागला.

आपल्याकडे जुन्या दगडी देवळाचा जीर्णोद्धार म्हणून त्याला ऑईल पेंट फासतात, तेव्हा हेतू श्रद्धेचाच असतो. या नव्या आवाजांच्या बाबतीत मला नेमके तेच म्हणायचे आहे. पॅलेस ऑफ द लिजन ऑफ ऑनर या कलादालनातला प्रसंग घ्या. मॅडलिन तिची पणजी म्हणून सांगितलेल्या कार्लोटाच्या चित्रासमोर बसलेली आहे आणि स्कॉटी दुरून तिला पाहतो. शब्द नाहीत. या सबंध पाठलागात दहा-पंधरा मिनिटे जवळपास संवादच नाहीत. सारे हरमनचे संगीत आणि स्ट्युअर्टचा चेहरा यांवर चालते. मोनो पट्टीवर त्या दालनात स्कॉटीची पावले संगीताखाली दबलेली आहेत, ती ऐकू येण्यापेक्षा जाणवतात, आणि त्यामुळे तो माणूस स्वप्नात चालल्यासारखा वाटतो. नव्या मिश्रणात तीच पावले स्वच्छ टाचांसह फरशीवर पडतात. तपशील वाढला, पण स्वप्न मोडले. संगीत पुढे आले आणि त्याच वेळी टाचाही पुढे आल्या. दोघांमधले जुने अंतर गेले. मोनो म्हणजे तंत्राची गरिबी असा आपला समज असतो. एकाच स्पीकरमधून काय पुढे येईल आणि काय मागे राहील हे बसून ठरवणाऱ्या माणसांसाठी मोनो हीदेखील एक रचना होती.

ही १९९६ची प्रत १९९८ साली डीव्हीडीवर आली. तिची चौकट रुंद पडद्यासाठी वेगळी साठवलेली नव्हती, त्यामुळे आजच्या टीव्हीवर ती चारही बाजूंनी काळ्या पट्ट्यांत अडकलेली दिसते. पण तिच्यासोबतचा रिस्टोरेशनवरचा माहितीपट आणि हॅरिस, कॅट्झ व सहनिर्माते हर्बर्ट कोलमन यांचे चित्रपटभर चालणारे निवेदन यांसाठी ती अजून ठेवण्यासारखी आहे. पुढे २००८च्या आवृत्तीत दिग्दर्शक विल्यम फ्रीडकिन यांचे निवेदन आले, त्यात ते बराच वेळ पडद्यावर जे दिसते आहे तेच आपल्याला सांगत राहतात. ते मी एकदाच ऐकले.

डीव्हीडीच्या काळात भारतातल्या संग्राहकापुढे आणखी एक पेच होता. एका विभागाची डिस्क दुसऱ्या विभागाच्या प्लेअरवर चालत नसे: भारत विभाग ५, अमेरिका विभाग १, युरोप विभाग २. सगळ्या विभागांच्या डिस्क चालवणारा प्लेअर लॅमिंग्टन रोडवर मिळे. एखादा मेनू उघडून रिमोटवर ठराविक आकडे दाबले की विभागाचे कुलूप निघे. काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाउससारख्या दुकानात, ते २०१६मध्ये बंद होईपर्यंत, हिचकॉकच्या डिस्क उघडपणे मांडलेल्या असत; बाकी बरेचसे परदेशातून येणाऱ्या नातेवाइकांच्या बॅगेतून येई. मात्र विभागापेक्षा महत्त्वाचा फरक पाल आणि एनटीएससीचा होता. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींनी चालतो, पाल २५ चौकटींनी. म्हणून पाल डीव्हीडीवर सगळा चित्रपट सुमारे चार टक्के वेगाने पळवला जातो आणि १२८ मिनिटांचा ‘व्हर्टिगो’ १२३च्या आसपास संपतो. पाच मिनिटे कोणीही कापलेली नसतात. ती सबंध चित्रपटातून थोडीथोडी झिजवलेली असतात. आवाजाची पट्टी, म्हणजे सुरांची उंची, दुरुस्त केलेली नसेल, तर तोही वर चढतो. पेटीवर पांढरी एक वाजवल्यावर काळी एकपर्यंत तो पोहोचत नाही, पण अर्ध्यापेक्षा जास्त वाट चालतो. हरमनच्या संगीतात हे चांगलेच कळते. सुरुवातीच्या शीर्षकांत, सॉल बासची ती फिरणारी वलये दिसत असताना, खाली-वर होणारे स्वर तेच राहतात, पण त्यांचे वजन कमी होते. स्ट्युअर्टचा आवाज थोडा तरुण होतो. एनटीएससी डिस्कवर वेग योग्य असतो, पण तिच्यावर आडव्या रेषा ४८०, तर पालवर ५७६; म्हणजे चित्र हवे तर एक डिस्क, आवाज हवा तर दुसरी. मी एनटीएससीच्या बाजूचा आहे. रेषा कमी असल्या तर डोळा सावरून घेतो, कान पट्टी सावरून घेत नाही.

२००५च्या संचात मूळ मोनो पट्टी पर्याय म्हणून परत आली, ती माझ्या मते या साऱ्या आवृत्त्यांमधली सर्वांत मोठी घटना. ती जाहिरातीत नव्हती, वेष्टनावर मोठ्या अक्षरांत नव्हती. मेनूत आवाजाच्या पर्यायांत खाली कुठेतरी होती. तेव्हापासून प्रत ऐकायची माझी एक रीत ठरली आहे. साधे, चांगले हेडफोन घ्यायचे, चित्राकडे पाहायचे नाही आणि चार जागा ऐकायच्या: छपरावरचा पाठलाग, कलादालन, सायप्रस पॉइंट आणि शेवटचा घंटाघराचा जिना. जिन्यावर स्कॉटी ज्यूडीला ओढत वर नेताना त्याचा श्वास, तिची घसरणारी पावले आणि संगीत यांत कोण कोणावर मात करते हे प्रत्येक पट्टीत वेगळे आहे. हे लिहून सांगता येते, पण दोन चौकटी शेजारी लावून दाखवता येत नाही, आणि म्हणूनच प्रतींच्या तुलनेत त्याला जागा मिळत नाही.

२०१२ साली पंधरा चित्रपटांच्या संचात ब्लू-रे आली. २०१४मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्याच कॅस्ट्रो चित्रपटगृहात ४केमधले नवे रिस्टोरेशन दाखवले गेले. त्यात १९९६ साली वाढवलेले काही फॉलीचे आवाज काढून टाकण्यात आले, आणि तरीही श्रेयनामावलीत हॅरिस आणि कॅट्झ यांचे आभार मानलेले होते. नंतरच्यांनी आधीच्यांचे काम दुरुस्त करावे आणि त्यांचे नावही राखावे, ही सभ्यता मला आवडली. २०२०मध्ये ‘रिअर विंडो’, ‘सायको’ आणि ‘द बर्ड्‌स’ यांच्या जोडीने ४के डिस्क आली. या डिस्कना विभागाचे कुलूप नसते. माझ्या संचासाठी कुरियरवाल्याने आणि मधल्या सीमाशुल्काने जो छळ केला तो सांगत बसत नाही.

४केवर व्हिस्टाव्हिजनचा खरा पैस दिसतो. मॅडलिनचा करडा सूट घ्या. वेशभूषाकार ईडिथ हेड आणि हिचकॉक यांनी तो जाणूनबुजून निवडला होता. सोनेरी केसांच्या बाईने असा करडा घालू नये हा तेव्हाचा रूढ समज आणि नोव्हाकलाही तो पसंत नव्हता. सॅन फ्रान्सिस्कोच्या धुक्यातूनच ती बाहेर आल्यासारखी दिसावी, ही कल्पना. माझ्या कॅसेटवर हा सूट निळसर होता, एका डीव्हीडीवर किंचित जांभळट. ४केवर त्याची वीण दिसते आणि तो करडाच राहतो. मिशन डोलोरेसच्या दफनभूमीतले दृश्य मात्र ४केवरही धूसर आहे आणि ते तसेच असायला हवे. कॅमेऱ्यापुढे धुक्याचा परिणाम देणारी काच लावून ते मुद्दाम तसे घेतले होते. असल्या ठिकाणी डिस्कला दोष देणारे लोक भेटतात. त्यांना तीक्ष्णपणा हवा असतो, चित्रपट नको असतो.

एचडीआर, म्हणजे उजेड आणि अंधार यांतले अंतर वाढवून दाखवणारे नवे तंत्र, त्याबद्दल माझे मन अजून पुरते तयार नाही. एम्पायर हॉटेलचे हिरवे निऑन आता इतके उजळ होऊ शकते, की १९५८च्या कुठल्याही प्रोजेक्टरला ते जमले नसते. ज्यूडी त्या उजेडातून पुढे येते तेव्हाचे धुके सुरेख दिसते, यात शंका नाही. पण तो हिरवा माझ्या टीव्हीवर एक, शेजाऱ्यांच्या टीव्हीवर दुसरा आणि भाच्याच्या प्रोजेक्टरवर तिसरा. फोर्डकडून मिळालेला रंगाचा नमुना आता प्रत्येक घराच्या सेटिंगमध्ये जाऊन विरघळतो.

शेवटाविषयीही दोन शब्द लिहायला हवेत, कारण अनेक आवृत्त्यांत तो जोडीला दिलेला असतो. परदेशी सेन्सॉरसाठी हिचकॉकने एक वेगळा शेवट चित्रित करून ठेवला होता. गुन्हेगार मोकळा सुटलेला दाखवू नये, असा त्यामागचा दंडक. स्कॉटीची जुनी मैत्रीण मिज आपल्या घरी रेडिओ ऐकते आहे. सारा डाव रचणारा मॅडलिनचा नवरा गॅव्हिन एल्स्टर युरोपात असावा आणि सापडल्यावर त्याला परत आणणे अवघड जाणार नाही, असे बातम्यांत सांगितले जाते. त्याच बातम्यांत बर्कलेच्या काही विद्यार्थ्यांनी विद्यापीठाच्या पायऱ्यांवरून गाय वर नेल्याचीही बातमी येते, आणि ती मला मुख्य बातमीपेक्षा जास्त आवडते! मग स्कॉटी येतो, मिज त्याच्या हाती पेला देते, दोघे खिडकीशी काही न बोलता थांबतात. हा शेवट चित्रपटात नाही हे उत्तमच झाले. पण उंचावरून माणसे पडत राहणाऱ्या या चित्रपटाच्या फेकून दिलेल्या तुकड्यातसुद्धा कोणीतरी पायऱ्या चढते आहे, हे हिचकॉकला कळले नसेल असे वाटत नाही. आणि त्यात मिज झालेली बार्बरा बेल गेडिस आहे. मूळ चित्रपटात इस्पितळाच्या लांब मार्गिकेतून ती चालत जाते आणि पुन्हा कधीच दिसत नाही. तिच्यावरचा तो अन्याय या पुरवणीत थोडा भरून निघतो.

तर प्रत कोणती पाहावी? परवा एका ओळखीच्या मुलीने हेच विचारले. ती चित्रपटांचा अभ्यास करते आणि ‘व्हर्टिगो’ तिने फोनवर तुकड्या-तुकड्यांनी पाहिला होता. मी तिला ४के डिस्क दिली, प्लेअरही दिला, आणि सांगितले की आधी मेनूत जाऊन आवाजाचा पर्याय मोनो कर, टीव्हीवरची चित्र गुळगुळीत करणारी सगळी बटणे बंद कर, दिवे घालव. १९९८ची डीव्हीडी निवेदनासाठी नंतर ने. पाल डिस्क देणार नाही. आणि कॅसेट आता कुठल्या यंत्रावर चालवायची हा प्रश्नच आहे. तिला चित्रपट आवडलाच पाहिजे असे नाही. त्यातला पहिला अर्धा तास संथ आहे, आणि स्कॉटी ज्यूडीशी जे वागतो ते आजच्या मुलीला सहन होणे कठीणच. नाही आवडला तर त्याच संचात ‘रिअर विंडो’ आहे. त्याच्या निगेटिव्हचीही दैनाच झाली होती आणि पुढे काही वर्षांनी तोही याच दोघांनी सावरला.